फिट आणणारं रसायन फिटवरचं औषध कसं होईल?

परवा एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. "सर, हे खरं आहे का? माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी हे वाचून मुलाच्या फिटच्या गोळ्या बंद करायचं ठरवलंय." सोबत एक लांबलचक मजकूर होता. तो मला याआधीही दोन-तीन जणांनी पाठवला होता आणि मी न वाचताच पुसून टाकला होता. या वेळी वाचला. उद्गारचिन्हं वगळली तर त्याचा गाभा असा:

"अपस्माराच्या रुग्णांनो, सावध! पोटॅशियम चॅनल म्हणजे मेंदूचा ब्रेक. हा ब्रेक निकामी करणारी रसायनं प्रयोगशाळेत उंदरांना फिट आणण्यासाठी वापरतात. आता तीच रसायनं 'पोटॅशियम चॅनल ब्लॉकर' या नावाने अपस्मारावरचं औषध म्हणून माणसांच्या गळ्यात मारायचा घाट घातला जातोय. या ब्लॉकरने आजवर एकाही रुग्णाची फिट थांबलेली नाही. कंपन्यांना फक्त नवं गिऱ्हाईक हवंय. खरा उपाय साधा आहे. शरीरातलं पोटॅशियम वाढवा, ब्रेक आपोआप घट्ट होईल आणि गोळ्या सुटतील."

आधी गोळ्यांचं. अपस्माराची गोळी एकदम बंद केली तर फिट्स नुसत्या परत येतात असं नाही, त्या एकामागून एक येऊन थांबायचंच नाव घेत नाहीत अशी वेळ येऊ शकते. तिला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. गोळी कमी करायची तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्या-महिन्यांच्या हिशोबाने. हे मी विद्यार्थिनीला फोन करून लगेच सांगितलं. बाकीचं उत्तर सावकाश लिहितो आहे, कारण मेसेजात निम्मं खरं आहे, आणि तेच सोडवायला वेळ लागतो.

"हीच रसायनं प्रयोगशाळेत फिट आणायला वापरतात"

अगदी खरं. मी स्वतः वापरली आहेत. ४-अमिनोपिरिडिन नावाची एक पांढरी पूड असते. उंदराच्या मेंदूचा पातळ काप द्रावात जिवंत ठेवायचा, त्या द्रावात ही पूड अगदी किंचित मिसळायची. काही मिनिटांत पडद्यावरची शांत रेघ उसळ्या मारायला लागते. फिटचं इतकं हुकमी नाटक दुसरं क्वचितच बघायला मिळतं. याच रेणूचा पक्षी हाकलण्याचं विष म्हणूनही वापर झाला आहे. एखाद्या पक्ष्याने विषारी दाणा खाल्ला की तो इतका वेडावाकडा फडफडतो की बाकीचा थवा घाबरून उडून जातो. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर त्याने तेही नक्की घातलं असतं.

पण या रेणूची गोष्ट इथे संपत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात चेतातंतूंवरचं मेदाचं वेष्टण झडतं. एरवी त्या वेष्टणाखाली झाकलेले पोटॅशियम चॅनल, म्हणजे पेशीच्या आवरणातली पोटॅशियमला ये-जा करू देणारी दारं, उघडे पडतात आणि त्यांतून विद्युतसंदेश वाटेतच गळून जातो. ४-अमिनोपिरिडिनने ती गळती बुजवली तर संदेश पुढे सरकतो. या तर्कावर तयार झालेल्या गोळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०१० मध्ये, अशा रुग्णांचं चालणं सुधारण्यासाठी, मान्यता दिली. १० मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने, दिवसातून दोनदाच. आणि तिच्या माहितीपत्रकात स्पष्ट बजावलेलं आहे की ज्याला पूर्वी कधी फिट आली असेल त्याला ही गोळी द्यायची नाही.

म्हणजे मेसेजमधली भीती अगदीच हवेतली नाही. अपस्माराच्या सरसकट रुग्णांना हे औषध कोणी देत नाही, आणि द्यावं असं या क्षेत्रातला कोणी शहाणा माणूस म्हणतही नाही. मेसेजची लबाडी इथेच आहे. मोजक्या, जनुकतपासणी झालेल्या रुग्णांसाठी जे चाललंय ते "अपस्माराच्या रुग्णांनो" अशी हाक मारून सगळ्यांच्या माथी मारलंय.

आणि "ब्लॉकर" या शब्दाचाच धसका घेतला असेल तर आणखी एक गोष्ट ऐका. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या घरोघरी माहीत असतात. त्या काय करतात? स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवरचे एक प्रकारचे पोटॅशियम चॅनल बंद करतात, म्हणून इन्शुलिन बाहेर पडतं. जगभरचे लाखो लोक रोज नाश्त्याआधी पोटॅशियम चॅनल ब्लॉकरच घेतात. त्यांना तो शब्द कोणी सांगितलेला नसतो, एवढंच.

माणसात पोटॅशियम चॅनल बनवणारी जनुकं जवळपास ऐंशी आहेत. आयन चॅनलांचं एवढं मोठं खटलं दुसरं नाही. कोणी मेंदूत, कोणी हृदयात, कोणी स्वादुपिंडात. काही विजेच्या दाबाने उघडतात, काही कॅल्शियमने, काही सोडियमने. या सगळ्या गोतावळ्याबद्दल एका वाक्यात "ते बंद करणं वाईट" म्हणणं म्हणजे एका आडनावाच्या ऐंशी माणसांवर एकच आरोपपत्र ठेवण्यासारखं आहे.

"पोटॅशियम चॅनल म्हणजे मेंदूचा ब्रेक"

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच खरी गंमत आहे.

चेतापेशीच्या आत पोटॅशियम लिटरमागे साधारण १४० मिलिमोल असतं आणि मेंदूत पेशीबाहेरच्या द्रवात जेमतेम ३. चॅनल उघडलं की पोटॅशियम उताराला लागल्यासारखं बाहेर पडतं आणि जाताना धन भार घेऊन जातं. पेशी आतून अधिक ऋण होते, तिला पेटवणं अवघड जातं. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये माखलीच्या जाड चेतातंतूवर हेच मोजून दाखवलं. आधी सोडियम आत येतं तेव्हा संदेश पेटतो, मग पोटॅशियम बाहेर जातं तेव्हा विझतो. तेव्हा ब्रेक ही उपमा काही वाईट नाही. आम्हीही वर्गात तीच देत आलो.

ब्रेक निकामी झाला की फिट येते याला पुरावेही आहेत. केसीएनक्यू२ या जनुकातल्या दोषामुळे चॅनल अशक्त होतं आणि जन्मल्यावर काही दिवसांतच बाळाला फिट्स येतात, हे १९९८ मध्ये उलगडलं. त्यावरून उलटा तर्क निघाला की ब्रेक घट्ट करणारं औषध द्यावं. रेटिगाबिन हे तसं पहिलं औषध. चॅनल बंद न करता उघडं ठेवणारं. २०११ मध्ये ते आलं आणि फिट्स कमी करायचं. पण काही रुग्णांची त्वचा आणि डोळ्यांतला पडदा निळसर पडायला लागला, वापर आटला आणि २०१७ मध्ये ते बाजारातून गेलं. तर्क मात्र बरोबर होता. त्याच कुळातली नवी औषधं आज चाचण्यांत आहेत.

इथवर मेसेजवाला आणि मी एकाच गाडीत आहोत. पण पुढे काय झालं ते त्याच्या मजकुरात नाही.

२००५ मध्ये एका कुटुंबात अपस्मार आणि अचानक होणाऱ्या अनैच्छिक हालचाली असा विकार सापडला. त्यांच्यातलं बीके नावाचं पोटॅशियम चॅनल गरजेपेक्षा जास्त उघडत होतं. २०१२ मध्ये केसीएनटी१ हे जनुक पुढे आलं. पहिल्या काही महिन्यांतच बाळाला फिट्स सुरू होतात, मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात सरकत राहतात, आणि नेहमीची औषधं फारशी चालत नाहीत, अशा एका भयंकर विकाराच्या मुळाशी हे जनुक होतं. तिथेही दोष चॅनल बंद पडण्याचा नव्हता, चॅनलमधून जास्त प्रवाह वाहण्याचा होता. २०१५ मध्ये केसीएनए२. त्यात तर दोन्ही तऱ्हा निघाल्या. काही मुलांत चॅनल अशक्त, काहींत अतिउत्साही, आणि फिट्स दोघांनाही. त्याच वर्षी केसीएनक्यू२ मध्येही अतिउत्साही बदल सापडले. म्हणजे जे जनुक "ब्रेक निकामी झाला की फिट" याचं पुस्तकी उदाहरण होतं, त्यातच "ब्रेक जास्त लागला की फिट" हेही निघालं. मी तेव्हा शिकवत होतो. पुढच्या वर्षी फळ्यावरची ब्रेकची आकृती पुसून नवी काढावी लागली.

ब्रेक जास्त दाबल्यावर गाडी भरधाव कशी सुटेल? मेंदू एक गाडी नाही, हे याचं सगळ्यात छोटं उत्तर. त्यात चेतवणाऱ्या पेशी आहेत आणि त्यांना आवरणाऱ्या पेशी आहेत. आवरणाऱ्या पेशी संख्येने कमी, पण वर्गातल्या मॉनिटरसारख्या. त्या बोलत राहतात म्हणून बाकीचे गप्प असतात. आता अतिउत्साही पोटॅशियम चॅनल जर मॉनिटरचंच तोंड दाबून बसलं, तर वर्गात गोंधळ होईल की शांतता? केसीएनटी१ मधला माणसात सापडलेला बदल उंदरांत घालून २०२० मध्ये नेमकं हेच तपासलं गेलं. फटका मुख्यतः आवरणाऱ्या पेशींना बसला होता. त्या पेटेनात, आणि उंदरांना फिट्स येत होत्या. अशा ठिकाणी ते चॅनल थोडं बंद करणं म्हणजे मॉनिटरच्या तोंडावरचा हात काढणं.

दुसरी वाट वेगळी आहे. संदेश पेटून गेल्यावर सोडियम चॅनल काही क्षण थिजतात आणि पेशी पुन्हा ऋण झाल्याशिवाय ते वापरता येत नाहीत. पोटॅशियम चॅनलने पेशीला फार झटपट मूळपदावर आणलं तर सोडियम चॅनलही झटपट ताजे होतात आणि पेशी जास्त वेगाने पेटू लागते. ब्रेक म्हणावा तो भाग इथे बंदूक पुन्हा भरून देणाऱ्या हाताचं काम करतो. बीके चॅनलची भानगड बहुधा अशीच आहे. पॅक्सिलिन हे बुरशीतलं विष बीके चॅनल बंद करतं, आणि एरवी ते जनावरांना थरथर आणणारं म्हणून बदनाम आहे. २००९ मध्ये दिसलं की ते उंदरांमधल्या, रसायन देऊन आणलेल्या फिट्स आटोक्यात आणतं. विषच, पण फिट थांबवणारं. मेसेजवाल्याच्या वर्गीकरणात हे कुठे बसवायचं?

तिसऱ्या वाटेकडे शेवटच्या मुद्द्यात येतो, कारण तिथे तो स्वतःच्याच जाळ्यात अडकला आहे.

हा उलटापालट प्रकार पोटॅशियमपुरताच आहे असंही नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही सोडियम चॅनल बंद करणारी औषधं अपस्मारात वर्षानुवर्षं वापरली जातात, लाखोंना उपयोगी पडतात. पण ड्रॅव्हे सिंड्रोम या बाळपणी सुरू होणाऱ्या गंभीर अपस्मारात, जिथे आवरणाऱ्या पेशींचंच एक सोडियम चॅनल मुळात अधू असतं, तीच औषधं फिट्स वाढवतात. २००१ मध्ये त्यामागचं एससीएन१ए हे जनुक सापडल्यावर या अनुभवाचं कोडं सुटत गेलं. चॅनल कोणतं, कोणत्या पेशीतलं आणि दोष कोणत्या दिशेचा, या तीन प्रश्नांची उत्तरं माहीत नसतील तर "ब्लॉकर चांगला की वाईट" या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

"आजवर एकाही रुग्णाची फिट थांबलेली नाही"

हे सरळसरळ खोटं आहे.

केसीएनए२ च्या अतिउत्साही बदलाची ११ जणांची नोंद घ्या. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांच्या पुढाकाराने त्यांना ४-अमिनोपिरिडिन दिलं गेलं, तेच, पक्षी हाकलणारं. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ११ पैकी ९ जणांत सुधारणा होती. काहींच्या रोजच्या फिट्स कमी झाल्या किंवा थांबल्या. काहींची चाल, काहींची सावधानता, काहींचं बोलणं सुधारलं. अकरा ही संख्या लहान आहे आणि ही मोठी, आंधळी (म्हणजे कोणाला औषध आणि कोणाला नकली गोळी हे रुग्णाला कळू न देता केलेली) चाचणी नव्हती, हे मान्यच. पण आजारच इतका विरळ आहे की अशा रुग्णांची गर्दी जमवता येत नाही. आणि औषध देण्याआधी प्रत्येकाचा जनुकबदल पेशींत घालून, त्यातून किती प्रवाह वाहतो आणि औषधाने तो किती उतरतो, हे मोजता येत होतं. एखाद्याला औषध "लागू पडतंय का बघू" म्हणून देण्यापेक्षा हे फार वेगळं आहे.

इथे एक बारकावा. हे चॅनल चार तुकडे जुळून बनतं. मुलाकडे जनुकाची एक प्रत चांगली, एक बिघडलेली. तुकडे जर कसेही जुळले तर निव्वळ चांगल्या तुकड्यांचं चॅनल सोळात एक निघेल. बाकी पंधरांत एक तरी बिघडलेला तुकडा असणार. म्हणून एवढ्याशा दोषाचा परिणाम एवढा मोठा. आणि म्हणूनच औषधाचं काम चॅनल ठार बंद करण्याचं नाही, वाढलेला प्रवाह उतरवून नेहमीच्या पातळीजवळ आणण्याचं आहे. "ब्लॉकर" हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर बूच येतं. तोटी थोडी पिळणं हे चित्र जास्त बरोबर आहे.

दुसरं उदाहरण मला याहून आवडतं. वर सांगितलेलं मधुमेहाच्या गोळ्यांचं चॅनल मेंदूतही असतं. केसीएनजे११ या जनुकातल्या काही बदलांनी ते सतत उघडं राहतं, हे २००४ मध्ये कळलं. बाळाला जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह होतो. त्यातल्या थोड्यांना, बदल तीव्र असेल तर, विकासात मागेपणा आणि फिट्सही असतात. वर्षानुवर्षं ही मुलं इन्शुलिनवर होती. २००६ मध्ये अशा ४९ रुग्णांना सल्फोनिलयुरिया, म्हणजे वर सांगितलेल्या घरोघरीच्या गोळ्यांच्या जातीचं औषध, दिलं गेलं आणि त्यांपैकी ४४ जणांचं इन्शुलिन सुटलं. मेंदूच्या तक्रारींत एवढा ठळक फरक पडत नाही, कारण हे औषध मेंदूत फारसं पोचत नाही. तरी काहींच्या हालचालींत आणि विकासात सुधारणा नोंदली गेली. बिघडलेलं पोटॅशियम चॅनल ओळखून ते बंद करायचं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता अपयशाचंही सांगतो, नाहीतर मीही मेसेजवाल्यासारखाच ठरेन. केसीएनटी१ साठी क्विनिडिन हे हृदयाच्या ठोक्यांचं जुनं औषध, सिंकोनाच्या सालीतलं, आशेने पुढे आलं. ते हे चॅनल बंद करतं असं पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. २०१४ मध्ये एका मुलात फिट्स खूप कमी झाल्याची बातमी आली आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते देऊन पाहिलं. कोणाला गुण आला, अनेकांना आला नाही. मग याच जनुकाच्या, झोपेत फिट्स येणाऱ्या सहा रुग्णांवर नीट आंधळी चाचणी झाली. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. पहिल्या दोघांच्या ईसीजीत क्यूटी अंतर लांबलं, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागू लागला आणि ठोके बिघडायचा धोका वाढला, तेही रक्तातली औषधाची पातळी उपचारासाठी हवी त्यापेक्षा कितीतरी कमी असताना. उरलेल्या चौघांना कमी डोस दिला. त्यांना त्रास झाला नाही, पण प्लासिबोपेक्षा, म्हणजे नकली गोळीपेक्षा, फायदाही झाला नाही.

याचा अर्थ कल्पना चुकीची होती असा नाही. हत्यार बोथट होतं. क्विनिडिन मेंदूतलं चॅनल पुरेसं बंद करायच्या आधीच हृदयातलं दुसरं पोटॅशियम चॅनल बंद करतं. ही चाचणी कोणी दडवून ठेवली नाही, छापून आली, आणि त्यानंतर क्विनिडिनबद्दलचा उत्साह ओसरला. मेसेजवाल्याला ब्लॉकरविरुद्ध खरा पुरावा हवा होता तर तो इथे होता. त्याने तो शोधला नाही.

"कंपन्यांना नवं गिऱ्हाईक हवंय"

औषध कंपन्यांची वकिली मी करणार नाही. पण गिऱ्हाईक शोधायचं असतं तर हा धंदा कोणी निवडला नसता. केसीएनए२ चा अतिउत्साही बदल असलेली मुलं जगभरात मिळून किती थोडी. त्यांना दिलेला रेणू जुना, आधीच दुसऱ्या आजारासाठी मिळणारा.

नवा रेणू घडवायचा तर पुढची वाट फार बिकट आहे. पोटॅशियम चॅनलच्या मधल्या बोगद्याची रचना रॉडरिक मॅकिनन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९८ मध्ये जिवाणूतल्या चॅनलवर दाखवली, आणि त्या कामासाठी त्याला २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पोटॅशियम गाळून घेणारा तो अरुंद भाग जवळपास सगळ्याच भावंडांत सारखा आहे. तिथे बूच बसवलं की एकाऐवजी दहा चॅनल बंद पडतात. त्यातलं हृदयातलं हर्ग नावाचं चॅनल तर औषधनिर्मात्यांच्या पाचवीला पुजलेलं. अ‍ॅलर्जीवरचं टर्फेनॅडिन याच चॅनलपायी बाजारातून गेलं, आणि आता प्रत्येक नव्या रेणूची हर्गवर तपासणी होते. रेणूने हर्गला शिवायचं नाही, शेजारच्या भावंडांना शिवायचं नाही, रक्तातून मेंदूत शिरायचं, आणि नेमकं एकच चॅनल थोडं उतरवायचं. २०२१ मध्ये केसीएनटी१ च्या चॅनलसाठी तोंडाने देता येईल असा निवडक रेणू उंदरांत काम करताना दिसला. उंदीर आणि बाळ यांच्यामधलं अंतर या क्षेत्राने क्विनिडिनच्या वेळी मोजलेलं आहे, त्यामुळे सध्या कोणी पेढे वाटत नाही.

"पोटॅशियम वाढवा, ब्रेक घट्ट होईल"

ऐकायला किती सरळ वाटतं. ब्रेक पोटॅशियमचा, मग पोटॅशियम जास्त तर ब्रेक जास्त.

नेमकं उलट होतं. पोटॅशियम बाहेर पडतं ते आत जास्त आणि बाहेर कमी आहे म्हणून. तो उतार हीच ब्रेकची ताकद. बाहेरचं पोटॅशियम वाढवलं तर उतार सपाट होतो. गणितच करू. आत १४० आणि बाहेर ३ मिलिमोल असेल तर उघडं पोटॅशियम चॅनल पेशीला उणे १०० मिलिव्होल्टच्या आसपास खेचतं. बाहेर १२ झालं तर उणे ६५ च्या आसपासच. शांत पेशी तर साधारण उणे ७० वरच असते. म्हणजे एवढ्या पोटॅशियमात ब्रेक दाबला तरी तो पेशीला मागे खेचत नाही, पुढेच ढकलतो.

१२ हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. फिट चालू असताना मेंदूतलं पेशीबाहेरचं पोटॅशियम १० ते १२ मिलिमोलपर्यंत चढतं, हे प्राण्यांत १९७० च्या दशकातच मोजलं गेलं होतं. हीच ती तिसरी वाट. पेटलेल्या पेशी आपल्या चॅनलांतून पोटॅशियम बाहेर ओततात, ते साचतं, शेजारच्या पेशी त्यामुळे चेततात, त्या आणखी ओततात. मेंदूतल्या ग्लिया नावाच्या आधारपेशी हे पोटॅशियम शोषून घेत असतात. त्यांचं शोषणारं चॅनल जन्मतः बिघडलेलं असेल तर त्या मुलांनाही फिट्स येतात.

आणि मेसेजवाल्याला सांगायला हवं की प्रयोगशाळेत फिट आणायची फक्त ४-अमिनोपिरिडिन हीच पद्धत नाही. त्याहून सोपी एक आहे. मेंदूच्या कापाभोवतीच्या द्रावात पोटॅशियम साडेआठ मिलिमोलपर्यंत वाढवायचं. बस्स. बाकी काही टाकावं लागत नाही. "प्रयोगशाळेत याने फिट आणतात, म्हणून हे विष" हा त्याचा स्वतःचाच नियम लावला तर पहिलं बाद होतं ते त्याचं औषध.

अर्थात, आहारातलं किंवा गोळीतलं पोटॅशियम मेंदूपर्यंत तसं पोचतच नाही. मूत्रपिंडं रक्तातली पातळी साडेतीन ते पाचच्या दरम्यान धरून ठेवतात, आणि रक्त-मेंदू अडसर, म्हणजे रक्तातून मेंदूत काय शिरायचं ते ठरवणारी गाळणी, मेंदूतली त्याहून काटेकोर सांभाळतो. क्षारांच्या गडबडीने फिट येते तेव्हा दोष बहुतेक वेळा सोडियम, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम उतरल्याचा असतो, पोटॅशियमचा क्वचितच. रक्तातलं पोटॅशियम जास्त चढलं तर मेंदूच्या आधी हृदय गडबडतं आणि बंदही पडू शकतं. मूत्रपिंडं अधू असलेल्यांना किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. त्यांनी "नैसर्गिक उपाय" म्हणून पोटॅशियमची पूड सुरू केली तर तो मेसेज पुढे पाठवणाऱ्याला कळणारही नाही की त्याने काय केलं.

हे सगळं लिहून झाल्यावर विद्यार्थिनीला विचारलं, त्या मुलाला डॉक्टरांनी कोणता पोटॅशियम चॅनल ब्लॉकर सुचवला होता? कोणताच नाही. त्याची जनुकतपासणी झालेली नाही, तशी गरजही कोणाला वाटली नव्हती. तो दोन वर्षं लेव्हेटिरासेटॅम या फिटच्या नेहमीच्या गोळीवर आहे आणि फिट्स जवळपास थांबल्या आहेत. बाईंनी फक्त मेसेज वाचला आणि घरातली गोळी तीच असणार असं धरून चालल्या.

लेव्हेटिरासेटॅमचं मुख्य काम चेतापेशींच्या टोकांवरच्या एसव्ही२ए या प्रथिनावर चालतं. पण २००३ मध्ये काही संशोधकांनी ते चेतापेशींवर टाकून प्रवाह मोजले, तेव्हा त्यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली होती. त्याने एक पोटॅशियम प्रवाह थोडा उतरवला, आणि पेशीचं लागोपाठ पेटणं कमी झालं. हे मी विद्यार्थिनीला सांगितलं. ती म्हणाली, "सर, हे त्या बाईंना नको सांगूया." मलाही तेच वाटलं. गोळी चालू आहे.